घरट्याचें पंचांग आणि बांधकामाचें वेळापत्रक

पावसाळा संपून दिवाळी जवळ आली कीं, आपल्या मुलखांत दोन प्रकारचीं बांधकामें एकाच वेळीं सुरू होतात. एक माणसाचें. पाया खणला जातो, रस्त्यावर खडी पडते, पुलाच्या खांबांना परांची बांधली जाते, आणि मृगाच्या आधीं काम उरकावें म्हणून मुकादमाची घाई चालते. दुसरें बांधकाम इतक्या उंचावर चालतें कीं, तें सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. खाडीकांठच्या जुन्या झाडावर समुद्रगरुडाची जोडी काटक्या रचूं लागते, माडाच्या झावळ्यांत गिधाड घरटें करतें, आणि पुढें कड्याच्या कपारींत ससाण्याची मादी जागा पारखून पाहते. दोघांनाहि कोरडा हंगाम हवा असतो, आणि दोघांनाहि पावसापूर्वीं आपलें काम पुरें करावयाचें असतें. फरक इतकाच कीं, माणसाचें काम महिनाभर थांबलें तर तें पुन्हा सुरू करतां येतें. पक्ष्याचें काम मध्येंच थांबलें तर त्या वर्षापुरतें तें संपलेंच म्हणून समजावें.

या दोन बांधकामांची गांठ पडली म्हणजे काय होतें, आणि शहाण्या माणसांनीं तेथें काय केलें आहे, हें या पाठांत पाहावयाचें आहे.

शिकारी पक्षी थोडे कां?

गरुड, ससाणे, शिक्रे, घारी, गिधाडें आणि रात्रीं संचार करणारीं घुबडें यांस सामान्यपणें शिकारी पक्षी म्हणतात. गिधाड स्वतः शिकार करीत नाहीं, मेलेल्या जनावरांवर जगतें. परंतु बांकदार चोंच आणि तीक्ष्ण दृष्टि यांमुळें तें याच मंडळींत मोडतें. शेतांत उंदीर पुष्कळ, उंदरांस खाणारे साप थोडे, आणि या दोहोंवर झडप घालणारा पक्षी सर्वांत थोडा, अशी सृष्टीची मांडणीच आहे. गरुडाच्या एका जोडीस पोट भरण्यासाठीं मोठा मुलूख लागतो. म्हणून ज्या गांवांत चिमण्यांचे थवे नांदतात, त्या गांवांत समुद्रगरुडाची जोडी असली तर एखादीच असते.

या पक्ष्यांची वाढहि संथ असते. चिमणीची एक वीण फुकट गेली तरी त्याच वर्षीं दुसरी साधते. गिधाडाची मादी वर्षाकाठीं एकच अंडें घालते. तें उबण्यास सुमारें दीड महिना लागतो, आणि त्यानंतर पिलूं उडतें होण्यास तीन महिने किंवा त्याहून कांहींसा अधिक काळ जातो. समुद्रगरुडाचीं अंडीं बहुधा दोन असतात. बहिरी ससाण्याचीं तीन किंवा चार. तीं महिन्याभरांत फुटतात आणि पिलें पुढें सुमारें सहा आठवड्यांनीं उडतात. शिवाय पिलूं उडालें म्हणजे सर्व झालें असें नाहीं. गरुडाच्या पिलानें वयांत येऊन स्वतःचें घरटें करावयास चार-पांच वर्षें लागतात. तेव्हां एका घरट्याचा नाश म्हणजे केवळ त्या हंगामाची हानि नव्हे. पांच वर्षांनीं जी जोडी झाली असती ती न होणें, हीहि हानि त्यांत आलीच.

घरट्यास हात न लावतांहि

बांधकाम करणारी मंडळी पुष्कळ वेळां प्रामाणिकपणें म्हणतात, “आम्हीं घरट्याला हातहि लावला नाहीं; झाड होतें तेथेंच उभें आहे.” तें खरें असतें, आणि तरीहि घरटें ओस पडतें. असें कां व्हावें, हें समजून घेणें अवश्य आहे.

अंड्यांवर बसलेली मादी खालीं अनोळखी हालचाल दिसतांच प्रथम मान उंचावून पाहते. मग उठून उभी राहते. आणि धोका टळत नाहीं असें वाटलें कीं उडून आकाशांत घिरट्या घालूं लागते. ती तेथें ओरडत फिरत असते तोंवर अंडीं उघडीं पडलेलीं असतात. थंड देशांत तीं गारठतात. आपल्याकडे उन्हानें तापून आंतील जीव मरतो. कावळा जवळच टपलेला असतो, त्यास तेवढी संधि पुरते. अंडीं फुटून पिलें बाहेर आलीं असतील, तर त्यांचा घास चुकतो. आणि ज्यांच्या अंगावर अजून पिसें आलीं नाहींत, त्यांस आईच्या पंखांची सांवली मिळत नाहीं. असा प्रसंग एकदां आला तर पक्षी सोसतो. दिवसांतून दहा वेळां, आणि असे दिवस लागोपाठ आले, म्हणजे जोडी घरटें सोडून देते.

यांत दगड मारणारा कोणी नसतो. रक्त सांडत नाहीं. म्हणूनच हा नाश कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि ध्यानांत आला तरी त्याची जबाबदारी कोणीहि आपल्याकडे घेत नाहीं.

माँट्रियालचें खोकें

आतां याची उलट बाजू पाहूं. माणसाची इमारत पक्ष्यास नेहमीं नकोशी असते असें मुळींच नाहीं. बहिरी ससाणा तर काटक्यांचें घरटें बांधीतच नाहीं. उंच कड्यावरील एखाद्या सपाट जागीं माती-खडींत उथळ खळगा कोरून मादी त्यांत अंडीं घालते. त्यास शहरांतील उंच इमारत म्हणजे एक कडाच वाटते. आणि खालीं रस्त्यावर कबुतरें विपुल असतात.

कॅनडा देशांतील माँट्रियाल शहरीं सन लाइफ या विमा कंपनीची उंच दगडी इमारत आहे. १९४० पूर्वींच्या कांहीं वर्षांत तेथें बहिरी ससाण्यांची एक जोडी येऊं लागली. जागा उंच होती, भक्ष्य मुबलक होतें; पण उघड्या दगडावर खळगा कोरण्यास माती-खडी नव्हती, आणि त्यामुळें अंडीं टिकेनात. १९४० सालीं एका पक्षिप्रेमी गृहस्थानें वरच्या मजल्यावरील कठड्याशीं खडी घातलेलें एक उथळ खोकें ठेविलें. मादीनें तें पत्करलें. त्या वर्षापासून १९५२ पर्यंत ती तेथेंच राहिली, आणि तेवढ्या काळांत त्या खोक्यांतून वीसांवर पिलें उडालीं. योगायोग असा कीं, त्याच १९४० सालीं युद्धाच्या भीतीनें ब्रिटननें आपले अत्यंत मोलाचे रोखे समुद्रापलीकडे पाठविले, ते याच इमारतीच्या तळघरांत ठेविले होते. तळाशीं राष्ट्राची संपत्ति आणि माथ्यावर ससाण्याचें घरटें, दोन्हींचें रक्षण एकाच इमारतीनें केलें!

या गोष्टीवरून घेण्यासारखें तें एवढेंच कीं, पक्ष्याचें रक्षण करावयास पुष्कळ वेळां मोठा खर्च लागत नाहीं. त्यास नेमकें काय कमी पडतें तें ओळखणारें कोणी तरी असावें लागतें.

विषाचा काळ आणि पुलावरचीं घरटीं

दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. नांवाचें कीटकनाशक शेतांवर सढळ हातानें मारलें जाऊं लागलें. तें कीटकांतून लहान पक्ष्यांच्या अंगीं आणि त्यांतून ससाण्यांच्या व गरुडांच्या अंगीं सांचत गेलें. परिणाम असा झाला कीं, त्यांच्या अंड्यांचें कवच पातळ होऊन मादीच्या भारानेंच अंडें फुटूं लागलें. १९६७ सालीं डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञानें संग्रहालयांतील जुनीं अंडीं व नवीं अंडीं ताडून पाहून ही गोष्ट दाखवून दिली. तोंवर अमेरिकेच्या पूर्व भागांतून बहिरी ससाण्याचीं घरटीं नाहींशीं झालीं होतीं. १९७२ सालीं अमेरिकेनें शेतींतील डी. डी. टी. चा वापर बंद केला. कॉर्नेल विद्यापीठांतील प्राध्यापक टॉम केड व त्यांचे सहकारी यांनीं ससाणे पिंजऱ्यांत वाढवून मोकळे सोडण्याचा उद्योग चालविला. १९८३ सालीं न्यूयॉर्क शहरांतील दोन मोठ्या पुलांवर, थ्रॉग्ज नेक आणि व्हेराझानो-नॅरोज यांवर, ससाण्यांनीं पुन्हा घरटीं केलीं. पुढें १९९९ सालीं हा पक्षी त्या देशाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींतून काढण्यांत आला.

परंतु पूल हा कडा नव्हे. त्याचा गंज खरडावा लागतो, त्यास रंग द्यावा लागतो, खिळे-पट्ट्या बदलाव्या लागतात. नाहीं तर माणसांच्या जीवास धोका. म्हणून तेथें दोन उपाय योजिले गेले. पुलाच्या उंच मनोऱ्यांवर, वर्दळीपासून दूर अशा जागीं, खडी घातलेलीं लांकडी खोकीं बसविलीं. आणि घरट्यालगतचें दुरुस्तीचें काम पिलें उडून जाईपर्यंत मागें ठेवावयाचें, तोंवर दुसऱ्या टोंकाकडचें काम करावयाचें, अशी पद्धति पडली.

इंग्लंडांतहि १९८१ च्या कायद्यानें बहिरी ससाण्यासारख्या विशेष संरक्षित पक्ष्यांस घरट्यापाशीं जाणूनबुजून त्रास देणें गुन्हा ठरविलें आहे. पुढें त्यांत बेपर्वाईनें दिलेल्या त्रासाचाहि समावेश झाला. तेथील प्राचीन प्रार्थनामंदिरांचे उंच मनोरे या पक्ष्यांस फार आवडतात. डर्बी येथील कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर २००६ सालीं त्यांच्यासाठीं एक फळी बसविण्यांत आली, आणि तेव्हांपासून तेथें पिलें वाढूं लागलीं. सॉल्झबरीच्या १२३ मीटर उंच कळसाच्या कॅथीड्रलवर १९५३ नंतर प्रथमच २०१४ सालीं ससाण्यांचीं पिलें झालीं. सातशें-आठशें वर्षांच्या इमारतींस डागडुजी तर नित्याचीच. गवंड्यानें आपले महिने कोणते आणि ससाण्याचे महिने कोणते हें आधीं ठरवून घेतलें, म्हणजे दोघेंहि एकाच मनोऱ्यावर सुखानें राहतात.

अंतर आणि वेळ

या विषयींचे सर्वांत रेखीव नियम अमेरिकेच्या श्वेतमस्तक गरुडासाठीं केलेले आहेत. हाच तो बॉल्ड ईगल, ज्याचें चित्र त्या देशाच्या राजमुद्रेवर आहे. त्याच्या संरक्षणाचा कायदा १९४० सालीं झाला, तरीहि डी. डी. टी. मुळें व इतर कारणांनीं, अलास्का व हवाई सोडून उरलेल्या देशांत १९६३ सालीं अवघ्या ४१७ जोड्या आढळल्या. रक्षणाचे उपाय चालू राहिले आणि संख्या वाढत गेली. २००७ सालीं हा गरुड संकटग्रस्तांच्या यादींतून बाहेर पडला. आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत घरटें करणाऱ्या जोड्या ७१,००० हून अधिक असल्याचा अंदाज निघाला.

संख्या वाढली म्हणजे गांठीहि वाढल्या. जेथें माणसास घर बांधावयाचें तेथें गरुडाचें घरटें निघूं लागलें. म्हणून २००७ सालींच सरकारनें बांधकाम करणारांसाठीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांचें सार असें: घरट्यावरून काम दिसत असेल, अथवा इमारत तीन मजली किंवा अधिक मोठी असेल, तर तिनें घरट्यापासून ६६० फूट दूर राहावें. इमारत लहान असेल आणि मध्यें झाडी असून काम दिसत नसेल, तर ३३० फूट अंतर पुरेल; मात्र त्या दोन रेषांच्या मधलें गलबल्याचें काम विणीच्या हंगामाबाहेर करावें. सुरुंगासारखा मोठा आवाज हंगामांत अर्ध्या मैलाच्या आंत होऊं नये.

या नियमांतील दुसरा भाग अधिक बोधप्रद आहे. घरट्याचा काळ त्यांत पांच अवस्थांत विभागला आहे. जोडी जुळून घरटें रचलें जातें ती पहिली अवस्था सर्वांत नाजूक. कारण तेव्हां पक्ष्याची त्या जागेंत फारशी गुंतवणूक झालेली नसते, आणि तो सहज निघून जातो. अंडीं घालण्याची दुसरी आणि उबविण्याची व लहान पिलांची तिसरी, याहि फार नाजूक. पिलें चार ते आठ आठवड्यांचीं असतांना चौथी अवस्था येते. ती त्यामानानें सोशीक. येथें पुष्कळांस वाटतें कीं आतां पिलें मोठीं झालीं, चिंता मिटली. पण पांचवी अवस्था, म्हणजे आठ आठवड्यांपासून उड्डाणापर्यंतची, पुन्हा नाजूक आहे. पिसें आलेलीं असतात, पंखांत बळ आलेलें नसतें. अशा वेळीं दचकलेलें पिलूं घरट्याबाहेर उडी घेतें आणि जमिनीवर येऊन पडतें. जें घरटें तीन महिने जपलें तें शेवटच्या आठवड्यांतील उतावळेपणानें जातें.

नियमांत आणखी एक व्यवहारी गोष्ट मान्य केली आहे. गलबला आधीं असून घरटें नंतर आलें असेल, तर त्या जोडीनें तो गलबला स्वीकारला आहे असें समजावें. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर जुन्या वुड्रो विल्सन पुलाच्या जागीं नवा पूल बांधला जात असतां, जवळच एका गरुडाच्या जोडीनें आपला संसार थाटला होता. कामगारांनीं व लोकांनीं कौतुकानें त्यांस जॉर्ज आणि मार्था अशीं नांवें दिलीं. त्या पुलाचा एक भाग २००६ सालीं आणि दुसरा २००८ सालीं रहदारीस खुला झाला. मोठें बांधकाम आणि मोठा पक्षी यांचें वैर अटळ नाहीं, याचें हें उदाहरण होय.

उपटलेलें घरटें

आतां एक उलट उदाहरण. न्यूयॉर्क शहरांत सेंट्रल पार्क या उद्यानासमोरच्या एका उंच निवासी इमारतीवर, खिडकीवरील दगडी नक्षीच्या आधारानें, लाल शेपटीच्या शिकारी पक्ष्यांच्या एका जोडीचें घरटें होतें. नराचा रंग फिकट असल्यानें लोक त्यास पेल मेल म्हणत. दहा वर्षांत त्या घरट्यांतून वीसांवर पिलें उडालीं, आणि दुर्बिणी घेऊन पाहणारांची उद्यानांत गर्दी जमूं लागली. ७ डिसेंबर २००४ रोजीं तें घरटें आणि त्यास आधार देणाऱ्या लोखंडी सळया काढून टाकण्यांत आल्या. लोकांनीं रस्त्यावर उभें राहून निषेध केला, वृत्तपत्रांनीं तो उचलून धरला, आणि २३ डिसेंबर रोजीं त्याच जागीं पोलादी आधार बसविण्यांत आला. जोडी परत आली, काटक्या रचल्या, अंडींहि घातलीं. परंतु पुढें कित्येक वर्षें त्या घरट्यांत एकहि अंडें फुटलें नाहीं.

घरटें पाडण्यास एक दिवस लागला, आणि चूक दुरुस्त करण्यास अवघे सोळा दिवस. तरीहि पूर्वींचें घरटें त्यांस परत देतां आलें नाहीं. म्हणून घरटें हालवावें कीं काय हा प्रश्न हातोडा उचलण्यापूर्वीं विचारावयाचा असतो, मागाहून नव्हे.

आपल्याकडील अडचण

परदेशचे नियम वाचून तसेच येथें लावावे म्हटलें तर एक अडचण उभी राहते. गरुडाची वीण वसंतांत आटोपते, मग उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदांत काम करा, असें अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं सांगतां येतें. आपल्याकडे पावसाळ्यांत घरटीं रिकामीं असतात, पण पावसाळ्यांत कामें चालत नाहींत. गिधाड व समुद्रगरुड हे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून घरटीं मांडतात. ब्राह्मणी घार, काळी घार आणि कड्यांवर राहणारा शाहीन ससाणा यांची वीण बहुतेक थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत चालते. म्हणजे पक्ष्यांचा हंगाम तोच कंत्राटदाराचाहि हंगाम. येथें “हंगामांत काम बंद ठेवा” असें म्हणणें म्हणजे “काम करूंच नका” असें म्हणण्यासारखें होईल, आणि असा उपदेश कोणी ऐकणार नाहीं.

परंतु काम बंद ठेवणें आणि कामाचा क्रम बदलणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, तीन मैलांचा रस्ता करावयाचा आहे आणि त्याच्या बरोबर मध्यावर, कांठच्या उंच झाडावर गिधाडाचें घरटें आहे. मादीनें नोव्हेंबरच्या अखेरीस अंडें घातलें, तर पिलूं एप्रिलच्या सुमारास उडेल. मुकादमानें मध्यापासून काम सुरू केलें, तर पहिल्या आठवड्यांतच घरटें ओस. तेंच त्यानें दोनही टोंकांकडून आरंभ करून एप्रिल-मेपर्यंत मध्यावर यावें असा क्रम लावला, तर रस्ता पावसापूर्वीं पुरा होतो, मजुरांची एकहि रोजंदारी बुडत नाहीं, आणि पिलूं उडून जातें. रस्ता तोच, खडी तीच, माणसें तींच. बदललें तें केवळ वेळापत्रक.

कायद्यानेंहि हें आपलें कर्तव्य ठरविलें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तींत रानपक्ष्यांचीं अंडीं नासणें आणि त्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस धक्का पोंचविणें यांचाहि समावेश केला आहे. बंदूक चालविणारा आणि घरटें विसकटणारा यांस कायद्यानें एकाच व्याख्येंत बसविलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आणि आपल्याकडे जपण्यासारखें काय आहे? रायगड जिल्ह्यांत म्हसळ्याजवळ चिरगांव येथें गिधाडें उंच झाडांवर घरटीं करतात. जनावरांस दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसांतून पोटांत गेल्यानें भारतांतील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शंभरांतील एकहि धड उरलें नाहीं. २००६ सालीं जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. पण जीं थोडीं उरलीं, त्यांचें वर्षाला एकच अंडें! अशा वेळीं एकेका झाडाचें मोल काय असेल याचा हिशेब विद्यार्थ्यांनींच करावा. कोकण किनाऱ्यावरील समुद्रगरुडांच्या घरट्यांची पाहणी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें केलेली आहे. हा गरुड तेंच घरटें वर्षानुवर्षें डागडुजी करून वापरतो. म्हणून जुलैंत रिकामें दिसणारें घरटें टाकलेलें नसतें, तें नुसतें बंद केलेलें घर असतें. जुन्या वाड्यांच्या माळ्यांत व मनोऱ्यांत गव्हाणी घुबडें राहतात. शेतांतील उंदरांचा तीं केवढा फडशा पाडतात हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. जुनें छप्पर उतरविण्यापूर्वीं आंत कोणी आहे काय, एवढें पाहणें फार कठीण नाहीं.

कामाची रीत

वरील सर्व विवेचनावरून बांधकाम करणारानें पाळावयाचे नियम थोडक्यांत असे निघतात:

१. नकाशा कागदावर पुरा होण्यापूर्वीं जागेवर पायीं फिरावें. उंच झाडें, कडे, मनोरे, विजेचे खांब न्याहाळावे. काटक्यांचा मोठा ढीग, खालीं पडलेलीं पांढरी विष्ठा, माशांचे कांटे व हाडें या घरट्याच्या खुणा होत. गांवांतील गुराख्यास व कोळ्यास विचारावें. त्यांस हें सर्व आधींच ठाऊक असतें.

२. पक्षी कोणता, अंडीं केव्हां घालतो, पिलें केव्हां उडतात, हें जाणत्या माणसाकडून समजून घेऊन घरट्याचें पंचांग तयार करावें, आणि मगच कामाचें वेळापत्रक लिहावें.

३. घरट्याभोंवतीं अंतर आंखून त्याच्या आंत यंत्र, मजुरांच्या झोंपड्या, डांबराची भट्टी कांहींच आणूं नये. मधलीं झाडें तोडूं नयेत. तोच पक्ष्याचा पडदा होय. सुरुंगाचें काम पिलें उडाल्यावरच करावें.

४. घरटें हालविण्यावांचून गत्यंतरच नसेल, तर वनखात्याच्या परवानगीवांचून त्यास हात लावूं नये.

५. इमारतीवरील जागा दुरुस्तीमुळें बंद होणार असेल, तर हंगामापूर्वींच जवळ दुसरी सोय करावी. अंडीं घातल्यावर केलेली सोय निरुपयोगी.

६. विजेच्या नव्या तारांमधील अंतर पुरेसें ठेवावें आणि खांबावरील उघडे भाग झांकावे. कारण मोठ्या पक्ष्याचे दोन पंख एकाच वेळीं दोन तारांस लागले म्हणजे त्याचा अंत होतो.

७. जें ठरलें तें परांचीवर चढणाऱ्या शेवटच्या मजुरापर्यंत त्याच्या भाषेंत पोंचवावें. मोठ्या साहेबाच्या टेबलावर राहिलेला नियम झाडावरच्या पक्ष्याच्या काय उपयोगाचा?

एक आक्षेप

“आधीं माणसांस रस्ते नाहींत, दवाखान्यास इमारत नाहीं, तेथें पक्ष्यांचें काय घेऊन बसलांत?” असें कोणी म्हणेल. हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. रस्त्याअभावीं वेळेवर दवाखान्यांत न पोंचलेल्या रोग्याच्या घरीं जाऊन गरुडाच्या गोष्टी सांगणें शोभणार नाहीं. परंतु वरील उदाहरणांत पूल कोठें राहिला? न्यूयॉर्कच्या पुलांस रंग मिळाला, पोटोमॅकवरचा पूल पुरा झाला, मनोरे उभे आहेत. माणूस कीं पक्षी असा प्रश्न क्वचितच खरा असतो. बहुधा तो, आधीं विचार करावयाचा कीं मागाहून, एवढाच असतो. खर्च वाढतो तो घरटें आहे म्हणून नव्हे. तें काम अर्धें झाल्यावर आढळतें म्हणून.

पवित्र शास्त्रांतील अनुवादाच्या पुस्तकांत, बाविसाव्या अध्यायांत, एक लक्षांत घेण्यासारखी गोष्ट आहे. वाटेंत पक्ष्याचें घरटें आढळलें तर कसें वागावें याचा नियम सांगून होतांच, लगेच पुढचा नियम आहे तो नवें घर बांधणारानें गच्चीस कठडा करण्याविषयींचा. घरटें आणि घर हीं तेथें अशीं शेजारीं आलीं आहेत. बांधणारानें आपल्या घरांत राहणारांची जशी काळजी वाहावी, तशीच त्याच्या आधीं तेथें राहणारांचीहि वाहावी, असा बोध त्यावरून घेतां येतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां अभियंते होतील, कोणी गवंडी, कोणी कंत्राटदार, कोणी ग्रामपंचायतीचे सभासद. एखाद्या नकाशावर सही करण्याची वेळ तुमच्यावर येईल. त्या नकाशांत रस्ता असेल, नाला असेल, जमिनीचा चढउतार असेल. घरटें मात्र त्यांत काढलेलें नसेल. तें काढून घेणें तुमच्याकडे आहे. पालकमंडळींसहि विनंति कीं, यंदां घराच्या छपराचें अथवा वाडीतील झाडाचें काम काढण्यापूर्वीं आपल्या मुलांस एकदां वर पाहून येण्यास सांगावें. त्यांचे डोळे चांगले असतात.

अभ्यासासाठीं

१. आपल्या गांवांत वा आळींत शिकारी पक्ष्याचें घरटें आहे काय? दुरून पाहून झाडाचें नांव व महिना वहींत लिहा. झाडावर चढूं नका व घरट्याखालीं गर्दी करूं नका.

२. एखाद्या घारीच्या घरट्याची दर रविवारीं एकाच ठिकाणाहून नोंद करून, घरटें रचण्यापासून पिलें उडेपर्यंत किती आठवडे लागले तें काढा.

३. पाठांतील तीन मैलांच्या रस्त्याच्या उदाहरणांत घरटें मध्यावर नसून एका टोंकास असतें, तर कामाचा क्रम कसा लावाल?

४. गरुडाचीं पिलें आठ आठवड्यांचीं झाल्यावर पुन्हा अधिक जपावें लागतें, याचें कारण आपल्या शब्दांत सांगा.

५. ‘शिकार’ या शब्दाच्या कायद्यांतील व्याख्येंत घरट्याचा समावेश नसता तर काय झालें असतें, यावर दहा ओळी लिहा.